मोगऱ्याचा दरवळ

मराठी माणूस स्पष्टवक्ता असतो, असं निदान मराठी माणसं तरी स्पष्टपणे सांगत असतात. लग्नाच्या हॉलमध्ये तीन वर्षांनी भेटलेला आतेभाऊ नमस्काराच्या आधी ‘काय सुटलायस रे!’ म्हणतो. मावशी माझ्या कपाळाकडे बघत ‘पुढचे सगळेच गेले की!’ म्हणते. मुलाचे मार्क, मुलीचं वय, फ्लॅटचा हप्ता, गुडघ्याचं ऑपरेशन, कशाचाही चारचौघांत पंचनामा करताना कुणाची जीभ अडखळत नाही. पण ‘तुमच्या तोंडाला वास येतो’ हे वाक्य कुणी कुणाच्या तोंडावर बोललेलं मी 58 वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. तिथे आपला सगळा स्पष्टवक्तेपणा बडीशेपेच्या डबीत जाऊन बसतो. ‘घ्या ना थोडी. अजून घ्या. राहू द्या डबी तुमच्याकडेच.’

डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलने तीस वर्षं जा-ये करणाऱ्याला या विषयातलं थोडंफार कळतं. दोन्ही हात वर कडीला, बॅग पुढच्या माणसाच्या पाठीला आणि तोंडासमोर चार बोटांवर दुसऱ्याचं तोंड. आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांपायी दोघांनी डबा बदलला, एकाने गाडी बदलली आणि एकाने मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्या गृहस्थांना मात्र कुणी काही बोललं नाही. उलट निवृत्तीच्या समारंभात त्यांचंच भाषण झालं. पहिल्या रांगेत कुणी बसलं नव्हतं.

हा संकोच माणसांपुरता असावा, अशी माझी समजूत होती. मोगरा घरात आल्यावर ती दूर झाली.

मोगरा म्हणजे आमची कुत्री. हा शब्द आमच्या घरात चालत नाही, ‘बाळ’ म्हणावं लागतं. मुलगी कॉलेजात असताना एका संध्याकाळी सॅकमधून हे बाळ घेऊन आली. पांढरंशुभ्र, कापसाच्या वातीएवढं, वर दोन काळे मणी आणि खाली एक काळं बटण. ‘मोगराच ठेवू या नाव,’ असं माझी आईच म्हणाली. पुढे मुलीला बंगळुरूला नोकरी लागली. जाताना तिने लॅपटॉप नेला आणि गिटार नेली. मोगरा आणि व्यायामाची सायकल आमच्याकडे राहिली. सायकलवर आम्ही कपडे वाळत घालतो. मोगराला तसं काही करता येत नाही.

जातीने ती पॉमेरियन, असं आम्ही पाच वर्षं सगळ्यांना सांगत होतो. डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल लावला की ही इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरियन म्हणतात, ते बहुतेक हेच असतं. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’मध्ये टफी नावाच्या पांढऱ्या कुत्र्याने क्रिकेटच्या मॅचला पंचगिरी केली आणि त्यानंतर सोसायटीतलं प्रत्येक पांढरं कुत्रं टफी झालं. आमचे सेक्रेटरी काका आजही मोगराला टफीच म्हणतात. तीही ओ देते. बिस्किटाच्या आशेवर माणसंही कुठल्याही नावाला ओ देतात, तिला काय बोल लावायचा?

तर वास.

तो नेमका कधी सुरू झाला, सांगता येणार नाही. हळूहळू आला आणि सासुरवाडीच्या पाहुण्यासारखा मुक्कामाला राहिला. आमचं घर वन बीएचके. इथे कुठलाही वास कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. आधी आम्ही फ्रिजवर संशय घेतला. बायकोने रविवारची दुपार घालवून फ्रिज आतून धुतला. त्यात 2 मार्चची कोशिंबीर आणि एक अनोळखी डबा निघाला, वास गेला नाही. मग मोरीच्या जाळीवर आळ गेला. प्लंबरने अडीचशे रुपये घेतले आणि ‘साहेब, पाइप जुना झालाय’ हे त्याच्या धंद्यातलं सनातन सत्य सांगून निघून गेला. मग तळमजल्यावरच्या घरात सुके बोंबील तळतात, असा निष्कर्ष निघाला. तळमजल्यावरचं कुटुंब जैन आहे, हे आठवून तो मागे घ्यावा लागला.

शेवटी एका सकाळी मी आरामखुर्चीत पेपर वाचत असताना मोगरा मांडीवर चढली, पेपरच्या वरच्या कडेवरून माझ्याकडे प्रेमाने बघितलं आणि जांभई दिली. पूर्ण, आ वासून, शेवटी ‘ईंऽऽ’ असा सूर काढत. अग्रलेखासकट मी मागे सरकलो. पावसाळ्यात चार दिवस न वाळलेला मोजा, त्यात गुंडाळलेली सुकट आणि वर जुन्या तांब्याच्या पैशाचा वास, असं काहीतरी ते होतं. फ्रिज, प्लंबर आणि जैन शेजारी एका क्षणात निर्दोष सुटले.

मी बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ‘‘मला माहीत होतं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘अहो, तिला काय वाटेल!’’

इथे मला कळलं की आपला संकोच जातिवंत आहे. तो प्राणिमात्रांत भेद करत नाही. येणारे-जाणारेही तसेच. मोगराला उचलून घ्यायचे, ‘कित्ती गोड आहे हो!’ म्हणायचे आणि मान पंचेचाळीस अंशांत वळवून श्वास आमच्या कॅलेंडरवर सोडायचे. माझ्या मेव्हण्याने तर तिला हातभर लांब धरून फोटो काढून घेतला. नवजात बाळ पहिल्यांदा हातात घेणारे बाप असेच दिसतात.

उपाय सांगायला मात्र कुणी संकोच केला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दहीभात सांगितला. सेक्रेटरी काकांनी ‘चांगलं मटणाचं हाड द्या, दात लख्ख होतात’ म्हणून सांगितलं. आमच्या घरात अंडंही येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण सल्ला देताना ऐकणाऱ्याची परिस्थिती बघत बसलं तर सल्ला देणार कधी? वॉचमनने कडुनिंबाची काडी आणून दिली. मोगराने ती आवडीने घेतली आणि सोफ्याखाली पुरली. मी स्वतः पुदिन्याची पेस्ट बोटावर घेऊन तिच्या दातांना लावली. तिने ती गिळली, शिंकली आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तोंडाला मग पुदिन्यासकट वास येऊ लागला. चटणी बिघडल्यासारखा.

आईने सगळ्यात साधा प्रश्न विचारला. ‘‘अरे, तिच्या तोंडात बघितलं का कुणी?’’

कुणीच नव्हतं बघितलं. पाच वर्षं तिला आंघोळी घातल्या, शाम्पू बदलले, हिवाळ्यात स्वेटर घातला, वाढदिवसाला टोपी घातली. तोंड उघडून आत बघितलं नाही. माझे आजोबा बाजारात बैल घ्यायला जायचे तेव्हा शिंगं, खांदा, शेपूट, सगळं नंतर. आधी बैलाचा जबडा धरायचा आणि ओठ उलटायचा. आदत आहे, दोन दाती आहे की चार दाती, ते बघायचं आणि मगच उपरण्याखाली बोटांचा भाव सुरू व्हायचा. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ अशी म्हण करून ठेवणाऱ्या माणसांच्या घराण्यात जन्मून मी एक अख्खं जनावर तोंड न बघता पोसत होतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. मोगरा टेबलावर थरथरत उभी, मी शेजारी तितकाच थरथरत. त्यांनी एका हाताने तिची मान कुरवाळली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ जरासा वर केला, वाकून नाक जवळ नेलं आणि म्हणाल्या, ‘‘वास येतोय की हो काका, चांगलाच!’’

58 वर्षांत मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. क्षणभर मी माझंच तोंड मिटलं.

मग त्यांनी मला वाकून बघायला लावलं. पुढचे पटाशीचे दात बरे होते. मागे, गालाच्या आत, वरच्या मोठ्या दाढेवर मात्र पिवळा-तपकिरी, खडबडीत दगडासारखा थर चढला होता. गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात तसा. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे लाल रेघ. बाईंनी तिला नुसतं बोट टेकवलं आणि टिपूसभर रक्त आलं. आणि सुळा एक नव्हता, दोन होते! वरच्या प्रत्येक बाजूला एकाला चिकटून दुसरा, बारीक, टोकदार.

‘‘हा दुधाचा दात. पडायचा राहिलाय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे पडायला हवेत. लहान जातींत कधी कधी राहतात. दोघांच्या फटीत अन्न अडकतं. तेव्हाच दाखवलं असतं तर सोपं होतं.’’

तेव्हा आम्ही टोपी घालून फोटो काढत होतो.

‘‘आणि मोठ्या कुत्र्यांपेक्षा लहान कुत्र्यांच्या तोंडाला जास्त त्रास,’’ त्या पुढे म्हणाल्या. ‘‘मोठेपणी अल्सेशियनला 42 दात. हिलाही 42च.’’

हे मात्र मला ताबडतोब कळलं. समजावायला डॉक्टर लागला नाही, मध्य रेल्वे पुरली. तिघांच्या बाकावर चौथा बसतो म्हणजे बसत नाही, टेकतो. एक मांडी आत, एक पाय वाटेत, खांदा तिरका. मोगराच्या इवल्या जबड्यात 42 प्रवासी आणि दोन विनातिकीट. त्यातले निम्मे चौथ्या सीटवर. कुणी आडवा, कुणी वळून बसलेला, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. अशा डब्यात झाडू कसा फिरणार?

पुढची माहिती ऐकताना मला कुत्र्यांचा थोडा हेवाही वाटला. त्यांचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत. त्यांची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी, त्यामुळे दात पोखरणाऱ्या आम्लाचं तिथे फारसं चालत नाही. माझ्या तोंडात सात ठिकाणी सिमेंट भरलेलं आहे. मी मनातल्या मनात मोगराला नमस्कार केला. पण निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने वसूल करतो. त्याच लाळेमुळे दातांवरचा मऊ चिकट थर पटकन कडक होतो. दोन-तीन दिवसांत त्याचं कीटण बनायला लागतं. वरच्या मोठ्या दाढेजवळच लाळेची नळी उघडते, म्हणून सगळ्यात जास्त दगड तिथेच साचतो. एकदा दगड झाला की ब्रशने जात नाही. हिरडीच्या खाली जंतूंचं गाव वसतं आणि ते गंधकाचे वायू सोडतात. आमच्या घरात दरवळत होता तो मोगरा हा असा.

‘‘दर वेळी दातच असतात असं नाही हं,’’ बाईंनी बजावलं. ‘‘तोंडाला लघवीसारखा वास आला तर मूत्रपिंड तपासायचं. गोडसर, पिकल्या फळासारखा आला तर साखर. म्हणून वासावर अत्तर मारायचं नाही, वास कुठून येतोय ते शोधायचं.’’

माझी पुदिन्याची पेस्ट मला आठवली. मी प्रामाणिकपणे कबुली दिली. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आठी आली. ‘‘माणसांची पेस्ट कधीच नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. त्यातलं फ्लोराइड, फेस, सगळं त्रासाचं. आणि काही पेस्टमध्ये, बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं. थोडंसंही कुत्र्याला विष. साखर एकदम खाली जाते, यकृताला धोका होतो.’’

चूळ भरता येत नाही! इतकी साधी गोष्ट. आमच्याकडे दात घासण्याची परंपरा काय थोडी आहे? राखुंडी झाली, मशेरी झाली, बाभळीची काडी झाली, काळी दंतमंजनं झाली. त्या सगळ्याचा पाया एकच, शेवटी खाकरून, खळखळून, शेजाऱ्याला जाग येईल अशी चूळ. ही चूळच काढून घेतली की आपलं सगळं दंतशास्त्र कोसळतं.

मटणाच्या हाडाचंही विचारून घेतलं. शिजवलेलं हाड फुटतं आणि त्याच्या सळ्या घशात-पोटात रुततात. कच्चं हाड काय किंवा दुकानातलं शिंग काय, फार कडक असलं तर दाढच तडकते. नियम सोपा. चघळायला द्यायची वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर मारून बघायची. कळ आली तर ती कुत्र्याच्या दाताला नको. घरी येऊन मी सगळी खेळणी गुडघ्यावर मारून बघितली. दोन बाद झाली. गुडघा तिसऱ्या दिवशी ठीक झाला.

उपचाराचा खर्च ऐकल्यावर मी नेहमीप्रमाणे स्वस्त पर्याय शोधला. कुत्र्यांच्या एका पार्लरमध्ये भूल न देता, नुसतं खरवडून, अर्ध्या तासात दात पांढरे करून मिळत होते. शॅम्पू आणि नखं त्याच पैशांत. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘काका, वरचं निघेल. पण आजार हिरडीच्या खाली आहे, तिथे जागी असताना ती हात लावू देणार नाही.’’

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो आमच्या बिल्डिंगकडे बघून. गेल्या वर्षी सोसायटीने सात लाख खर्चून बाहेरून रंग काढला. मोतिया रंग, चॉकलेटी पट्टे. पावसाळ्यात चारही मजल्यांवर तशीच गळती. आतला पाइप कुणी बघितलाच नव्हता. प्लंबर बिचारा खरंच बोलत होता.

तर रीतसर ठरलं. आधी रक्ताच्या तपासण्या, भूल झेपेल की नाही बघायला. मग पूर्ण भूल, श्वासनळीत नळी, म्हणजे धुतलेलं पाणी फुप्फुसात जायला नको. हिरडीखालची मुळं दिसावीत म्हणून एक्स-रे. मी आणि बायको बाहेर बाकड्यावर. मुलगी बंगळुरूहून दर दहा मिनिटांनी फोन करत होती. माझ्या रूट कॅनालच्या वेळी तिने एक अंगठा पाठवला होता.

दोन तासांनी बाईंनी छोट्या डबीत सात दात आणून दाखवले. दुधाचे दोन आणि मुळापाशी सैल झालेले पाच. ‘‘वरच्या सुळ्याचं मूळ नाकाच्या अगदी जवळ असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिथली हाडाची भिंत पातळ झाली होती. अजून वर्षभर थांबला असता तर तोंडातून नाकात भोक पडलं असतं. शिंका येत होत्या का हिला?’’

येत होत्या. आम्ही उदबत्ती बदलली होती.

‘‘खालच्या जबड्याचंही तसंच. लहान कुत्र्यांचं हाड मुळातच बारीक. मुळाभोवतीचं झिजलं की पलंगावरून साधी उडी मारताना जबडा मोडलेली कुत्री येतात आमच्याकडे.’’

‘‘पण ती जेवत होती हो नीट!’’ बायको म्हणाली. तिचा आवाज जरा कापरा झाला होता.

‘‘जेवतातच, काकू. दुखलं तरी जेवतात. दाखवत नाहीत.’’

घरी आल्यावर आठ दिवस मऊ भात आणि वरण. नवव्या दिवशी सकाळी मोगराने माझी चप्पल पळवली. अख्ख्या घरात तीन फेऱ्या मारल्या, सायकलवरची ओढणी खाली ओढली आणि सोफ्याखालून कडुनिंबाची ती काडी उकरून काढून माझ्या पायाशी आणून टाकली. दीड-दोन वर्षांत तिने असं काही केलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, मोगरा आता शहाणी झाली, समजूतदार झाली, वयच झालं तिचं. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, ‘कुठे तोंड घालत नाही हो!’ पाच वर्षांच्या कुत्रीचं कसलं वय? तिचे दात ठणकत होते आणि आम्ही त्याला संस्कार म्हणत होतो.

उरलेल्या 37 दातांची जबाबदारी माझ्यावर आली. घासायचे रोज, कीटण दोन-तीन दिवसांत बनतं, म्हणजे रविवार-रविवार घासून उपयोग नाही. शिकवणीचा क्रम बाईंनी लिहून दिला होता. पहिले दोन-तीन दिवस नुसता ओठ वर करायचा आणि शाबासकी द्यायची. मग बोटावर पेस्ट, चाटू द्यायची. मग बोटात घालायचा रबरी ब्रश. मग लहान मुलांचा मऊ ब्रश. दातांची फक्त बाहेरची बाजू, आतली बाजू जीभ बरीचशी सांभाळते. एका बाजूला अर्धं मिनिट. तोंड उघडायची गरज नाही, ओठाखालून ब्रश सरकवायचा. वाचताना सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात माझा शर्ट, चष्मा आणि भिंत स्वच्छ निघाली. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून येऊन बसू लागली. त्याचं श्रेय माझ्या हाताला नाही, पेस्टला आहे. कुत्र्यांच्या पेस्टला पुदिन्याचा नव्हे, चिकनचा स्वाद असतो.

आता एक गोष्ट सांगतो, पण ती आमच्या घरापर्यंत जाऊ देऊ नका.

आईला कवळी आहे. रात्री ती वाटीत काढून ठेवते आणि सकाळी ब्रशने घासते. मोगराची पेस्ट बेसिनवरच्या फळीवर होती. इंग्रजी अक्षरं बारीक आणि कुत्र्याचं चित्र टोपणाकडच्या बाजूला. श्रावण चालू होता. आईचा कांदा-लसूणही बंद. एके दिवशी दुपारी ती सहज म्हणाली, ‘‘ही नवीन पेस्ट चांगली आणलीस हो. झोंबत नाही मुळीच. आठ दिवस वापरतेय. कवळी कशी मऊ लागते!’’

मी बायकोकडे बघितलं. बायकोने आमटीकडे बघितलं. त्या आठ दिवसांत मोगरा आईसमोरून हलत नव्हती, याचा उलगडा झाला. आई पोथी वाचायला बसली की ही समोर बसून एकटक तिच्या तोंडाकडे बघत असे. आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, ‘पूर्वजन्मीचा काही ऋणानुबंध असावा. एक अध्याय चुकवत नाही.’

आम्ही पेस्ट कपाटात हलवली. आईला आजवर काही सांगितलेलं नाही. तिला काय वाटेल!

आता मोगराच्या तोंडाला कुत्र्याच्या तोंडाला यावा तेवढाच वास येतो. पाहुणे तिला छातीशी धरतात आणि कॅलेंडरवर कुणी श्वास सोडत नाही. तुमच्याकडे असं छोटंसं पांढरं, काळं, भुरं बाळ असेल तर आज रात्री एवढंच करा. मांडीवर घ्या, वरचा ओठ अंगठ्याने उचला आणि मागच्या दाढेपर्यंत बघा. हिरडी गुलाबी असेल तर उद्यापासून ब्रश. लाल रेघ, तपकिरी दगड किंवा दुहेरी सुळे दिसले तर आधी डॉक्टर, मग ब्रश. ते बिचारं बोलत नाही, ठणका लागला तरी जेवतं. त्याची सगळी तक्रार त्या वासातच असते. तिच्यावर पुदिना लावू नका.

राहता राहिला मी. मी ब्रश घेऊन वाकलो की मोगरा अलीकडे मान फिरवते. ब्रशचा कंटाळा आला असेल, असं मला वाटत होतं. परवा ब्रश हातात नव्हता, मी नुसताच लाडाने तोंडाजवळ तोंड नेलं. तिने मान पंचेचाळीस अंशांत वळवली आणि श्वास कॅलेंडरच्या दिशेने सोडला. मग मला आठवलं की गेले तीन महिने जेवण झालं की बायको न चुकता माझ्यापुढे बडीशेपेची डबी सरकवते. ‘घ्या ना थोडी. अजून घ्या.’ मी त्याला प्रेम समजत होतो.

शनिवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. माणसांच्या दातांच्या डॉक्टरांकडे.